गेस्टने भरले ५०००, हातात आले ३९००: मग टॅक्स कोणत्या रकमेवर?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तारकर्लीला पाच खोल्यांचं होमस्टे आहे, बहुतेक बुकिंग ऑनलाईन पोर्टलवरून येतं, ५००० ची खोली गेली की तुमच्या खात्यात ३९०० च्या आसपास जमा होतात, जीएसटी नंबर अजून घेतलेला नाही, आणि ओळखीचे लोक सांगतात की ऑनलाईन बुकिंग घेताय म्हणजे नंबर घ्यावाच लागतो. शिवाय अमेरिकेत सॅन अँटोनियोला राहणारे तुमचे भाऊ म्हणतात की त्यांच्या शहराने याच भानगडीवरून बुकिंग कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं, मग आपल्याकडे कोणी का खेचत नाही.

मी बावीस वर्षं हॉटेल, लॉज आणि आता होमस्टेवाल्यांचं टॅक्सचं काम बघतोय, आधी लक्झरी टॅक्स आणि सर्व्हिस टॅक्स, मग जीएसटी. भावाच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिकडे काय झालं ते कळलं की तुमच्या ५००० आणि ३९०० चा गुंता आपोआप सुटायला लागतो.

अमेरिकेत हॉटेलच्या खोलीवरचा टॅक्स हा बऱ्याच ठिकाणी शहराचा किंवा काउंटीचा स्वतःचा असतो. २००० च्या आसपास पोर्टलवाल्यांनी जे मॉडेल आणलं त्यात पोर्टल हॉटेलकडून खोली समजा ७० डॉलरने घ्यायचं, गेस्टला १०० ला विकायचं, वर "टॅक्सेस अँड फीज" अशी एकच ओळ लावायचं, आणि हॉटेलला ७० अधिक ७० वरचा टॅक्स एवढंच पाठवायचं. दहा टक्के टॅक्स धरला तर शहराला ७ डॉलर मिळाले. शहर म्हणालं गेस्टने खोलीसाठी १०० मोजले, मग आमचे १० झाले, वरचे ३ कुठेत? पोर्टल म्हणालं वरचे ३० आमच्या सेवेचे, आम्ही हॉटेल चालवत नाही, आमच्याकडे ना खोली ना किल्ली. एका खोलीमागे ३ डॉलर, पण अशा लाखो खोल्या आणि वर्षानुवर्षं, म्हणून २००४ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसने पहिली केस टाकली आणि मग रांगच लागली.

तुमच्या भावाच्या सॅन अँटोनियोची केस २००६ ची, टेक्सासमधली १७३ शहरं मिळून, समोर हॉटेल्स डॉट कॉम, एक्सपीडिया, ऑर्बिट्झ, ट्रॅव्हलॉसिटी वगैरे मंडळी. २००९ मध्ये ज्युरीने शहरांच्या बाजूने साधारण २ कोटी डॉलरचा निकाल दिला, पुढे व्याज आणि दंड चढत चढत २०१६ पर्यंत तो आकडा ८ कोटी डॉलरच्या वर गेला. आणि मग नोव्हेंबर २०१७ ला अपील कोर्टाने सगळंच उलटवलं. कारण काय, तर त्याआधी २०११ मध्ये ह्यूस्टनच्या केसमध्ये टेक्सासच्याच एका अपील कोर्टाने सांगितलं होतं की नियमात लिहिलंय "राहणाऱ्याने हॉटेलला दिलेली रक्कम", आणि हॉटेलला तर ७० च मिळाले. "हॉटेलला" हा एक शब्द, त्याच्यापायी अकरा वर्षांची केस गेली. वर अजून एक फटका बसला. अपील चालू असताना निकालाची रक्कम थोपवून धरायला कंपन्यांनी बाँड (हरलो तर पैसे देऊ अशी हमी) दिले होते, त्या बाँडच्या प्रीमियमचाच खर्च २२ लाख डॉलरच्या वर, तोही शहराच्या माथी आला. शहर म्हणालं निदान हा खर्च तरी कमी करा, ते थेट सुप्रीम कोर्टात गेलं, आणि मे २०२१ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की अपील कोर्टाने खर्च कोणी द्यायचा ते ठरवल्यावर खालच्या कोर्टाला त्यात कमीजास्त करता येत नाही, निकाल न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिला. म्हणजे टॅक्स मिळाला नाहीच, उलट २२ लाख घालवून बसले.

पण शहरं सगळीकडेच हरली असं समजू नका. जॉर्जियातल्या कोलंबस शहराने २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात एक्सपीडियाविरुद्ध केस जिंकली, टॅक्स गेस्टने दिलेल्या पूर्ण भाड्यावर. त्या भांडणात काही पोर्टल्सनी कोलंबसची हॉटेलं साइटवरून काढून टाकली, आणि भांडण शहर आणि कंपनीचं असताना मार बसला हॉटेलवाल्यांना. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडेही पोर्टलशी वाद घालायला छोटा हॉटेलवाला का घाबरतो ते यात दिसतं. साउथ कॅरोलिनात २०११ ला राज्य जिंकलं, तिथला कायदा राहायची सोय पुरवण्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला धरणारा होता आणि कोर्ट म्हणालं पोर्टलसुद्धा त्यात येतं. कॅलिफोर्नियात २०१६ ला सॅन दिएगो हरलं, कारण नियमात ऑपरेटर म्हणजे हॉटेल चालवणारा धरलेला होता आणि पोर्टल हॉटेल चालवत नाही. हवाईत तर २०१५ मध्ये एकाच निकालात दोन उत्तरं आली, हॉटेल टॅक्स लागत नाही पण राज्याचा जनरल एक्साइज टॅक्स लागतो. न्यूयॉर्क शहराने जुन्या शब्दांवर भांडत बसण्यापेक्षा २००९ मध्ये आपला नियमच बदलून पोर्टलची फी त्यात लिहून टाकली, आणि २०१३ ला तो तिथल्या सर्वोच्च कोर्टात टिकला.

धंदा तोच, कंपन्या त्याच, व्यवहार सगळीकडे सारखा, तरी निकाल वेगवेगळे. का, तर प्रत्येक ठिकाणी कोर्टाने दोनच गोष्टी बघितल्या. टॅक्स कोणाला दिलेल्या रकमेवर आहे, आणि भरायला कायद्याने कोणाचं नाव घेतलंय. कोण श्रीमंत, कोणाचं नुकसान झालं, यावर निकाल लागला नाही. तुमच्या केसलाही हेच दोन प्रश्न लावायचेत.

आता आपल्याकडे तशी भांडणं का झाली नाहीत ते. झालीच नाहीत असं नाही, वेगळी झाली. २०१७ पर्यंत खोलीवर राज्याचा लक्झरी टॅक्स होता, महाराष्ट्राचा कायदा १९८७ चा, गोव्याचा १९८८ चा, आणि वर केंद्राचा सर्व्हिस टॅक्स. पोर्टलवाल्यांची खरी मोठी केस सर्व्हिस टॅक्सचीच, मेकमायट्रिपची. टॅक्स खात्याचं म्हणणं होतं की तुम्ही गेस्टकडून सर्व्हिस टॅक्सच्या नावाने पैसे घेतलेत ते सरकारात भरा, कंपनीचं म्हणणं आम्ही मधले, खोलीची सेवा हॉटेलची, टॅक्स हॉटेलने भरायचा. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक झाली, सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने ती अटक आणि झडती बेकायदा ठरवली, टॅक्स देणं लागतो की नाही हे रीतसर ठरवायच्या आधीच अटक कशी केली म्हणून, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. पण बघा, निकाल गाजला तो अटकेच्या अधिकारावर. गेस्टकडून घेतलेला टॅक्स नक्की कोणी भरायचा हा मूळ प्रश्न सुटला तो जीएसटीच्या कायद्यात, कारण तिथे तो थेट लिहूनच टाकला.

आणि तिकडचे ३ डॉलर जसे हवेत राहिले तसे आपल्याकडे राहत नाहीत याचं अजून एक साधं कारण आहे. अमेरिकेत तो टॅक्स फक्त खोलीवर, पोर्टलच्या सेवेवर बहुतेक ठिकाणी काहीच नाही, म्हणून रक्कम "सेवा" म्हणून दाखवली की ती टॅक्समधून सुटते. आपल्याकडे खोलीवर जीएसटी आणि पोर्टलच्या कमिशनवर वेगळा १८ टक्के. पैसा कुठल्याही नावाने दाखवा, जीएसटी लागतोच. त्यामुळे भांडण सरकार विरुद्ध पोर्टल असं फारसं होत नाही, सगळा ताण छोट्या हॉटेलवाल्यावर आणि त्याच्या हिशोबावर येतो, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तर तुमचा हिशोब. समजा कमिशन १८ टक्के आहे. खोली ५०००, त्यावर जीएसटी ५ टक्के म्हणजे २५० (२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याच्या वर १८), गेस्टने भरले ५२५०. कमिशन ९००, कमिशनवर १८ टक्के जीएसटी १६२, एकूण १०६२. तुम्ही रजिस्टर्ड नाही म्हणून ते २५० पोर्टल स्वतः सरकारला भरतं, आणि तुम्हाला येतात ३९३८. इन्कम टॅक्सचा ०.१ टक्का टीडीएस कापला असेल तर ३९३३. पॅन दिलेला असेल आणि त्या पोर्टलवरून वर्षाला ५ लाखांच्या आत धंदा असेल तर वैयक्तिक मालकाला तो टीडीएसही लागत नाही. तुमचे "३९०० च्या आसपास" ते हेच.

पोर्टल का भरतं? जीएसटी कायद्याचं कलम ९(५) आणि त्याखालचं २०१७ चं नोटिफिकेशन. हॉटेल, गेस्ट हाऊस, क्लब, कॅम्प वगैरे ठिकाणची राहायची सोय पोर्टलवरून विकली गेली तर टॅक्स पोर्टलने भरायचा, फक्त एक अपवाद, सोय पुरवणारा स्वतः रजिस्ट्रेशन घ्यायला बांधील असेल तर त्याने भरायचा. म्हणजे अमेरिकेतली शहरं ज्या एका वाक्यासाठी वर्षानुवर्षं भांडली ते वाक्य आपल्याकडे पहिल्याच दिवशी छापून आलं.

ओळखीचे जे म्हणतात की ऑनलाईन म्हणजे नंबर पाहिजेच, ते मूळ कायद्यात तसं होतं म्हणून म्हणतात, पण नोव्हेंबर २०१७ च्या नोटिफिकेशनने सेवा देणाऱ्यांना सूट दिली, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर पोर्टलवरून विकलं तरी नंबर सक्तीचा नाही. त्यामुळे आज तुम्ही घाबरून नंबर घ्यायची गरज नाही, पण २० लाख मोजताना चूक करू नका. ही चूक मी दरवर्षी बघतो. माणूस बँकेचं स्टेटमेंट काढतो, पोर्टलवरून आलेले पैसे जोडतो आणि म्हणतो मी आत आहे. उलाढाल म्हणजे हातात आलेले ३९३८ नव्हेत, ती ५०००. पाच खोल्यांच्या मिळून वर्षात ४०० रात्री गेल्या तर बँकेत दिसणार १५ लाख ७५ हजार आणि कायद्याने झाले २० लाख, वर एक जरी खोली गेली तरी हद्द ओलांडली. शिवाय पोर्टलवरचं, फोनवरचं, दारात आलेल्या गेस्टचं, जेवणाचं सगळं एकत्र, आणि त्याच पॅनवर मालवणात एखादा गाळा भाड्याने दिलेला असेल तर ते भाडंसुद्धा त्यातच. २० लाख ओलांडले की ३० दिवसांत रजिस्ट्रेशनला अर्ज करायचा.

नंबर घेतल्यावर काय बदलतं? पोर्टल ९(५) खाली भरणं बंद करतं, टॅक्स तुमच्याकडे येतो, आणि पोर्टल खोलीच्या रकमेवर ०.५ टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच जमा होणारा जीएसटी, कापतं (जुलै २०२४ च्या आधी १ टक्का होता). वरच्याच उदाहरणात ५२५० मधून १०६२ कमिशनचे, २५ टीसीएस, ५ टीडीएस गेले, तुम्हाला आले ४१५८. त्यातून २५० टॅक्स भरायचा, २५ आधीच जमा, म्हणजे २२५ खिशातून, उरले ३९३३. दोन्हीकडे तेवढेच उरतात. फरक एवढाच की आता ५००० हा आकडा तुमच्या रिटर्नमध्ये दिसायला हवा, कारण पोर्टल दर महिन्याला जीएसटीआर-८ या त्याच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये तुमच्या नंबरसमोर ५००० कळवतं, खात्याच्या कॉम्प्युटरला एकीकडे ५००० आणि तुमच्या रिटर्नमध्ये ३९३८ दिसले की नोटीस आलीच, फरकावर टॅक्स, १८ टक्के व्याज आणि वर दंडाची भाषा. माझ्याकडे अशा जेवढ्या केस येतात त्यात कोणी पैसे खायला निघालेलं नसतं, बँकेत जे आलं तेच लोकांनी प्रामाणिकपणे विक्री म्हणून लिहिलेलं असतं. तेव्हा गेस्टने तुम्हाला दिलेली रक्कम ५०००, कमिशन हा तुमचा खर्च, तो वेगळा लिहायचा, विक्रीतून वजा करून लिहायचा नाही.

आणि त्या कमिशनवरच्या १६२ बद्दल. पूर्वी १२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये त्या जीएसटीचं क्रेडिट मिळायचं, म्हणजे तो आपल्या देण्यातून वजा करता यायचा, आता ५ टक्के बिनक्रेडिटचा आहे, म्हणजे नंबर घेतला तरी ते १६२ परत येत नाहीत. दर ठरवताना बरेच जण हे विसरतात, गेस्टला टॅक्स कमी झाला म्हणून सगळे खूश, पण पोर्टलवर जास्त अवलंबून असलेल्या छोट्या हॉटेलचा खर्च वाढलाय. पोर्टलशी कमिशनची बोलणी करताना तुम्ही टक्का ठरवता तो जीएसटी सोडून असतो, मनात मात्र जीएसटीसकट धरा, १८ म्हणजे २१.२४.

आता जिथे मला पुढे वाद दिसतो ते सांगतो, नोटिफिकेशनच्या शब्दांवरच. अपवाद कोणाला आहे? "रजिस्ट्रेशनला बांधील" असलेल्याला, "रजिस्टर्ड" असलेल्याला नाही. एखाद्याची उलाढाल १२ लाख आहे पण त्याने हौसेने किंवा कोणाच्या सांगण्यावरून नंबर घेतला, तर शब्द धरून वाचलं की तो बांधील नाहीच, म्हणजे टॅक्स अजूनही पोर्टलनेच भरायचा. प्रत्यक्षात नंबर टाकला की बहुतेक पोर्टलची सिस्टिम त्याला स्वतः भरणारा धरते. मग उद्या कोणी म्हणालं की चुकीच्या माणसाने भरला, तर? हा अगदी टेक्सासच्या "हॉटेलला" सारखा शब्द आहे. म्हणून मी २० लाखांच्या आतल्या लोकांना उगाच नंबर घेऊ नका म्हणतो.

दुसरं, पोर्टलची स्वतःची कुपनं. समजा तुमची खोली ८००० ची, पोर्टलने स्वतःच्या खिशातून ६०० ची सूट दिली, गेस्टने ७४०० भरले, पण पोर्टलने तुमचा हिशोब ८००० वरच केला. आता तुमची किंमत ७४०० धरून ५ टक्के, की ८००० धरून १८? जीएसटीत मोबदला दुसऱ्या कोणी दिला तरी तो मोबदलाच, त्यामुळे माझं मत ८००० आणि १८ टक्के असंच आहे, तुम्हाला मिळालं ८००० च्या हिशोबाने तर टॅक्सही त्यावर. सूट तुम्ही स्वतः दिली असेल आणि तुमचा हिशोब ७४०० वर झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ७४०० आणि ५ टक्के. म्हणून सूट कोणाच्या खिशातून गेली ते स्टेटमेंटमध्ये वेगळं दाखवायला पोर्टलकडून लेखी मागून घ्या.

बुकिंग कॅन्सल होऊन पैसे ठेवून घेतले तर ती रक्कमही टॅक्समधून सुटत नाही, ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरप्रमाणे तिला खोलीचाच दर लागतो.

एक अनुभव सांगतो, तुमच्याच जिल्ह्यातला. एका होमस्टेने हद्द ओलांडल्यावर नोव्हेंबरात नंबर घेतला, पोर्टलला मेल केला, पण सिस्टिममध्ये नंबर चढला जानेवारीत. मधले दोन महिने पोर्टलने जुन्या पद्धतीने ९(५) खाली टॅक्स भरला आणि हे लोक कायद्याने स्वतः बांधील झालेले, म्हणून त्यांनीही भरला. एकाच खोलीवर दोनदा टॅक्स, तोही डिसेंबरच्या सीझनचा. पोर्टल म्हणे आम्ही नियमाने भरलं, खात्याचं म्हणणं तुम्ही भरायलाच हवा होता. पत्रव्यवहारात आठ महिने गेले, शेवटी पोर्टलने पुढच्या महिन्यांत ऍडजस्ट करून दिलं ते एवढ्याचसाठी की नंबर कळवल्याचा तारखेसकट मेल जपून ठेवलेला होता. तुमच्यावर ही वेळ आली तर नंबर मिळाला त्याच दिवशी पोर्टलच्या पार्टनर पॅनलवर टाका, मेलही करा, आणि चढल्याचं कन्फर्मेशन येईपर्यंत रोज बघा, जमलं तर ते दोनचार दिवस त्या पोर्टलवर खोल्या बंद ठेवा.

आत्ता मात्र एवढंच करा, एप्रिलपासूनची पोर्टलची मंथली स्टेटमेंट्स डाउनलोड करा, त्यात "ग्रॉस" किंवा "रूम चार्जेस" असा जो टॅक्स सोडून आकडा असेल त्याची बेरीज काढा, त्यात फोनवरची आणि थेट आलेली बुकिंग्ज, जेवणाचे पैसे आणि काही भाडं येत असेल तर ते मिळवा. बेरीज १६ लाखांच्या पुढे असेल तर लगेच परत लिहा, म्हणजे रजिस्ट्रेशनची तारीख आपण ठरवून घेऊ.